आधी मावळा ओळखीचा व्हावा



कार्यक्रमाआधी तुमच्या चित्रकलेच्या बाईंनी मला हस्तकला प्रदर्शन दाखवलं. सगळ्या वर्गांचं काम बघायचं ठरलं होतं, पण मी किल्ल्यांपाशीच अडकले. दिवाळीतले किल्ले तुम्ही इथे पुन्हा मांडलेत. तांबडी माती, जांभ्याच्या चिपांचे बुरूज, आणि एका गटाने तर निळ्या रांगोळीच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा केलाय. त्या सुवर्णदुर्गाच्या दरवाजात एक पहारेकरी आहे. बाकीचे मावळे बाजारातून आले तसेच आहेत, भगवं पागोटं, हिरवा अंगरखा, गुलाबी चेहरा. हा एकटा मात्र कुणीतरी स्वतः रंगवलाय. त्याचा अंगरखा मळकट पांढरा आहे, पागोटं एका बाजूने उन्हाने विटलंय आणि डोळ्यांखाली किंचित काळपट छटा आहे. हा माणूस रात्रभर जागलाय, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

ज्याने किंवा जिने तो रंगवला, त्या मुलाला किंवा मुलीला मी अजून भेटलेले नाही. पण मी आज जे बोलणार आहे ते त्या हाताविषयी.

आमचा गोळपच्या बाजूला गणपतीचा कारखाना आहे. आधी वडील चालवायचे, आता मी चालवते. आषाढात लोक आपापल्या घरचे पाट आणून देतात. त्या पाटावर त्या घरचा गणपती बसतो, आणि कुठल्या घरचं पितांबर कुठल्या रंगाचं हे आम्हाला तोंडपाठ असतं. गणपती गेले की मी छोट्या मूर्तींकडे वळते. तीन-चार इंचांचे मावळे, वासुदेव, कोळीण, दशावतारातला संकासुर. लोकांना वाटतं, मोठी मूर्ती अवघड आणि छोटी सोपी. मला उलट अनुभव आहे, आणि त्यामागे कारण आहे.

सहा फुटांचा माणूस उन्हात उभा राहिला की त्याच्या अंगरख्याच्या चुण्यांत सावली पडते, भुवयांखाली डोळे झाकोळतात, गालावर उजेड चमकतो. हे सगळं सूर्य करतो. तोच माणूस तीन इंचांचा केलात की चुणी केसाएवढी खोल उरते. सावली तिच्यात पडते, पण हातभर अंतरावरून ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एकाच सपाट रंगात रंगवलेली छोटी मूर्ती निर्जीव वाटते, मग घडण कितीही चांगली असो. जो उजेड तिला मिळत नाही तो आपल्याला ब्रशने द्यावा लागतो. खोलगट जागी गडद, उंचवट्यावर फिकट.

याची तंत्रं तशी थोडी आहेत. आधी पांढरा हात द्यायचा, म्हणजे मातीने रंग पिऊन टाकायला नको. मूळ रंग पातळ लावायचा, जाड रंगाने नाक-बोटं बुजतात. मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग अंगावर सोडायचा, तो आपण होऊन खाचेत उतरतो. वाळला की ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग वरच्यावर फिरवायचा, तो फक्त उंचवट्यांना लागतो. हे सगळं तुमच्यातला कुणीही एका दुपारात शिकेल.

पण उजेड कुठून येतोय हे कुणी ठरवायचं? इथे तंत्र गप्प बसतं.

तो पहारेकरी मशालीजवळ उभा असेल तर उजेड खालून आणि बाजूने येणार. एक गाल नारिंगी, दुसरा जवळजवळ काळा. भर दुपारचा असेल तर पागोट्याचा माथा आणि खांदे पांढुरके, चेहरा सावलीत. आपल्याकडे तर सूर्य समुद्रात बुडतो. रत्नदुर्गाच्या तटावर पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा संध्याकाळी तांबूस होतो आणि पाठ काळवंडते. एकाच साच्यातून निघालेले तीन मावळे घ्या, तिघांना असे तीन प्रहर द्या. साचा एकच आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून मी नवी मूर्ती हातात आली की लगेच रंग काढत नाही. ती खिडकीत ठेवते. येता-जाता बघते. हा कोण, कुठून आला, दमलाय का, कुणाची वाट बघतोय, हे मनात बसलं की रंग आपोआप सुचायला लागतात. आधी तो मावळा माझ्या ओळखीचा व्हावा लागतो.

आता एक गोष्ट मी जरा पोटतिडकीने सांगणार आहे. दुकानात ‘स्किन कलर’ लिहिलेली बाटली मिळते. तिच्यातला फिकट गुलाबी रंग या मांडवात बसलेल्या कुणाच्याही अंगाचा नाही. तरी आपले सगळे मावळे त्या बाटलीत बुडवलेले असतात. सह्याद्रीत घोड्यावर आणि पायी रानं तुडवणारा माणूस, गलबतावर खाऱ्या वाऱ्यात उभा असलेला माणूस असा दिसेल का? उद्या सकाळी मिरकरवाडा बंदरावर जा. होड्या लागतात तेव्हा जाळी ओढणाऱ्या काका-मामांचे हात बघा. कपाळ आणि मनगटं वेगळ्या रंगाची, मान वेगळी, बनियनच्या आतला खांदा आणखी वेगळा. घरी येऊन गेरू घ्या, पिवळी माती घ्या, कणभर निळा घाला आणि तो रंग जुळेपर्यंत कालवत बसा. जुळला की तुमच्या मावळ्याला पहिल्यांदा गाव मिळेल.

सुवर्णदुर्गाचं नाव घेतलं म्हणून सांगते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या बारांमध्ये आपल्या जिल्ह्यातला, हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आहे. दिवाळीत आपण रायगड करतो, प्रतापगड करतो, जरूर करावेत. पण कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची माणसं आपल्या किनाऱ्याची होती, आणि त्यांचे चेहरे आजही बंदरावर बघायला मिळतात. डोंगरावरच्या मावळ्याचा साचा सगळीकडे मिळतो. दर्यावर्दी माणसाचा साचा मला तरी बाजारात दिसला नाही. तो तुमच्यातल्या कुणीतरी घडवावा असं मला फार वाटतं.

डोळ्यांबद्दल बोलायलाच हवं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते आणि ती एकच माणूस करतो. आमच्याकडे त्या वेळी रेडिओ बंद असतो. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, मध्ये ब्रश उचलायचा नाही. गणपती चौरंगावर असतो आणि माणसं खाली बसून आरती म्हणतात, म्हणून आम्ही नजर किंचित खाली ठेवतो. म्हणजे बसलेल्या लहान मुलालाही वाटतं, देव माझ्याकडेच बघतोय. तीन इंचांच्या मावळ्याला मात्र अशी आखणी चालत नाही. त्याचा डोळा मोहरीएवढा. त्यात पांढरं भरून मध्ये काळा ठिपका दिलात, तर तो घाबरून डोळे फाडल्यासारखा दिसतो. मग मी काय करते? भुवईखाली गडद सावली सोडते, तिच्या आत एक बारीक काळी रेघ, आणि पांढरं जवळजवळ नाहीच. दुरून बघणाऱ्याची नजर तिथे डोळा स्वतःच पुरा करते. तुमच्या सुवर्णदुर्गावरच्या पहारेकऱ्याला असाच डोळा आहे. हे त्याच्या रंगाऱ्याला कुणी शिकवलं नसणार. त्याच्या हाताला ते कळलं.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यात असं हाताला कळण्याची मोठी परंपरा आहे. सावंतवाडीची गंजिफा तुमच्यापैकी कितीजणांनी बघितलीय? गोल पत्ते असतात, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर दिलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, असे एकशेवीस पत्ते. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. एकपासून दहापर्यंत बेरीज करा, पंचावन्न होते. म्हणजे एका रंगात चितारी पंचावन्न मासे काढतो, तेही बोटभर जागेत. ते छापलेले नसतात. एकाची शेपटी जरा वळलेली, एक जरा लठ्ठ, एकाला जागा कमी पडली म्हणून तो तिरका. खेळाच्या पत्त्याला एवढ्या जिवंतपणाची गरज नव्हती, तरी चिताऱ्यांनी तो दिला. ही कला संपत आली होती, तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात जागा करून दिली. उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून तरुणांना शिकवून घेतलं आणि सत्त्वशीलादेवी स्वतःही रंगवू लागल्या. म्हणून ती आज बघायला मिळते. सहल काढायची असेल तर मुख्याध्यापकांना मी आत्ताच विनंती करते, सावंतवाडीला न्या.

आता तुमच्यातल्या मोठ्या मुलांना आवडेल असं एक उदाहरण. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे. १९८३ पासून ते वॉरहॅमर नावाचा युद्धाचा खेळ काढतात. त्यातले सैनिक जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि ते खेळणाऱ्याने स्वतः रंगवायचे. त्यांच्याकडे रंगवण्याची एक शिस्तशीर रीत आहे. मूळ रंग, मग सावली, मग फिकट थर, शेवटी प्रत्येक कडेवर बारीक उजळ रेघ. फार देखणं काम होतं ते. पण त्याच कंपनीत अनेक वर्षं कलाविभाग सांभाळणारे जॉन ब्लँश नावाचे चित्रकार वेगळ्या वाटेने गेले. तपकिरी, गेरूसारखे, गंजलेले लाल असे मोजके रंग, तेही ओलसर, एकमेकांत मिसळू दिलेले, रेघ कधी तुटलेली, डाग तसाच ठेवलेला. त्यांच्या मूर्ती बघितल्या की आधी वातावरण जाणवतं, मग पट्टा-बक्कल दिसतात. जगभर त्यांना मानणारे लोक आहेत. मी दोन्ही प्रकारचं काम मन लावून बघते. शिस्तीचं काम बघून मला कौतुक वाटतं. ब्लँश यांचं बघून मला त्या सैनिकाची काळजी वाटते. मला स्वतःला दुसरी वाट धरायची आहे.

इथे एक गैरसमज व्हायला नको. आतून येईल तसं रंगवायचं म्हणजे मनाला येईल तसं फासायचं, असं मी म्हणत नाही. हाताला कळायला हाताने आधी खूप केलेलं असावं लागतं, आणि त्याहून जास्त डोळ्यांनी बघितलेलं असावं लागतं. विहिरीत झऱ्याचं पाणी एका रात्रीत भरलेलं दिसतं, पण ते पावसाळाभर डोंगरातून मुरत आलेलं असतं. तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसता. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो आणि बरीच मुलं त्याला घाबरतात. मग पाठ केलेली चित्रं काढतात, तीच विहीर, तोच बाजार, तोच पाणवठा. मी सांगते, तोच पेपर सगळ्यांत मोलाचा. एसटी स्टँडवर पावसात थांबलेली माणसं कशी उभी असतात, ओली छत्री मिटताना बाईचा खांदा कसा वाकतो, हे रोज एकेक बघून घरी येऊन काढा. चांगलं आलं नाही तरी चालेल. असं वर्षभर केलंत की ज्या दिवशी मूर्ती हातात येईल त्या दिवशी खांदा कुठे गडद करायचा हे आठवावं लागणार नाही.

पालकांशी दोन शब्द. मूल रंगवत असताना कृपा करून हे म्हणू नका की घोडा जांभळा नसतो. रात्रीच्या चांदण्यात काळा घोडा जांभळा वाटू शकतो, आणि कदाचित तुमच्या मुलीने तो बघितलेला असेल. तिला विचारा, हा घोडा कुठल्या वेळचा आहे? उत्तर मिळेल. मला या कामाने घर चालवता आलंय, हेही तुम्हाला सांगायला हवं, कारण ती शंका तुमच्या मनात असते आणि ती रास्त आहे. कलेचं रीतसर शिक्षण घ्यायला आता मुंबईलाच जावं लागतं असंही राहिलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात सावर्ड्याला कलाशाळा आहे. तिथली मुलं भर पावसात आणि भर उन्हात बाहेर बसून चित्रं काढतात.

आणि मुलांनो, एक खुलं निमंत्रण. आमच्या कारखान्यात पाट यायला लागले की माणसं कमी पडतात. ज्यांना शिकायचंय त्यांनी शाळा सुटल्यावर यावं, घरी सांगून यावं. सुरुवातीला ब्रश मिळणार नाही. माती मळायची, सांधे पुसायचे, पांढरा हात द्यायचा आणि बाकीच्या वेळात बघायचं. पावसाळ्यात आत अंधार असतो, बल्बखाली पिवळा रंग पांढराच वाटतो, म्हणून रंग कालवला की वाटी घेऊन पडवीत यायचं आणि दिवसाच्या उजेडात तपासायचं, हेही तेव्हाच शिकवीन. मग पितांबराचा पहिला हात तुमचा. सुवर्णदुर्गाचा तो पहारेकरी ज्याने रंगवलाय, त्याने किंवा तिने मात्र थेट ब्रश घेऊन यावं. त्याच्यासाठी माझ्याकडे एक न रंगवलेला संकासुर आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही.