माहितीचे कोठार कोणी राखावे?

छत्तीसगढमध्ये धानखरेदीचे संगणकीकरण २००७ साली झाले. पुढे २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ व्यवस्था सुरू होऊन शिधापत्रिकाधारकास पसंतीच्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून धान्य घेण्याची मुभा मिळाली. अशा व्यवस्थेत प्रत्येक उचलीची नोंद मध्यवर्ती माहितीकोशात वेळेवर व्हावी लागते. तो कोश बंद पडला, तर दुकानात धान्य असूनही कार्डधारकास रिकाम्या पिशवीने परतावे लागण्याचा संभव असतो. म्हणून असा कोश कोणी राखावा, हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नव्हे.

भारत सरकारने २०१४ मध्ये ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. क्लाउड सेवेचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात यंत्रसामग्री तेवढी भाड्याने मिळते. दुसऱ्यात तिच्यावर चालणारी सिद्ध व्यवस्थाही मिळते. तिसऱ्यात वापरास तयार अशी संपूर्ण आज्ञावलीच मिळते. सेवादात्याने सांभाळलेला माहितीकोश सामान्यतः दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यात दुरुस्त्या करणे, प्रतिलिपी ठेवणे आणि एक यंत्र बिघडताच दुसरे कामास लावणे ही कामे सेवादाता करतो. अल्प मनुष्यबळाच्या कार्यालयास हा मोठाच आधार होय. परंतु त्याच्या मोबदल्यात अंतर्गत रचनेवरील ताबा सुटतो, जुनी आवृत्ती कोठवर चालेल हे सेवादाता ठरवतो आणि पुढे कोश अन्यत्र हलविणे खर्चाचे ठरते.

नोंदी कशा रचाव्यात आणि त्या कोणास पाहता याव्यात, ही जबाबदारी मात्र मूळ धन्याचीच राहते. प्रतिलिपीवरून कोश खरोखर पुन्हा उभा राहतो की नाही, हे ठरावीक काळाने पडताळणे हेही त्याचेच कर्तव्य होय.