रजेच्या पगाराचा हिशेब

सुटी ही विश्रांतीची गोष्ट खरी. परंतु ती मिळविण्यासाठी मुंबईच्या गिरणीकामगाराला फार श्रम करावे लागले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली, आणि रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १८९० साली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली; २० दिवसांमागे १ दिवस हे प्रमाण मात्र कायम राहिले.

हक्क कायद्याने मिळतो, पण पदरात पडतो तो हजेरीपटावरून. तेथेच चूक होण्याचा संभव असतो. समजा, एका कामगाराने वर्षात १६० दिवस काम केले. आणखी २४ दिवस कच्चा माल न आल्यामुळे मालकानेच काम बंद ठेवले. यालाच ले-ऑफ म्हणतात. हजेरीपटावर १६० चा आकडा पाहून कारकून म्हणतो, "१८० भरत नाहीत, रजा नाही." कामगार म्हणतो, "१६० आणि २४ मिळून १८४ झाले. तेव्हा ९ दिवस मिळालेच पाहिजेत." वस्तुतः दोघांचाही हिशेब चुकलेला असतो. ले-ऑफचे दिवस १८० ची अट पुरी करण्यासाठी धरले जातात. मात्र त्या दिवसांवर रजा साठत नाही. म्हणून अट पुरी होते, आणि रजा मिळते ती १६० दिवसांवरची, म्हणजे ८ दिवस.

ज्या घरात पगार महिनाअखेरीस संपतो, त्या घराला आठ दिवसांचे वेतन म्हणजे मुलाची फी किंवा गावी जाण्याचे भाडे असते. तरीही पुष्कळ कामगार गप्प बसतात. कायद्याची कलमे ठाऊक नसतात, आणि तक्रारखोर असा शिक्का बसण्याचे भय असते. अशा वेळी युनियनच्या प्रतिनिधीचा उपयोग होतो.

चांगला प्रतिनिधी प्रथम आवाज चढवीत नाही. तो कागद मागतो. पगाराची चिठ्ठी, हजेरीची नोंद, रजेचा अर्ज आणि काम बंद ठेवल्याची सूचना एकत्र मांडून तो दिवस मोजतो. रजेच्या मध्ये आलेली सुटी रजेत धरून कापली आहे काय, हेही तो पाहतो. कारण तशी कपात कायद्याला मान्य नाही. नवाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या सभासदाला "आठच" असे सांगण्याचे धैर्यही त्याच्या अंगी असावे लागते. त्यामुळेच व्यवस्थापनापुढे त्याच्या शब्दाला वजन येते. मग तो थोडक्यात लेखी अर्ज देतो, त्याची पोच घेतो आणि उत्तरासाठी मुदत ठरवून घेतो. बहुतेक चुका दुष्टाव्यापेक्षा घाईतून झालेल्या असतात, आणि लेखी हिशेब समोर आला की त्या नाकारणे अवघड जाते.

तरीही दाद न मिळाल्यास मार्ग खुंटत नाही. नव्या वेतन संहितेनुसार वेतनाचा दावा कामगाराला स्वतः करता येतो. तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद असेल, तिलाही त्याच्या वतीने करता येतो. त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, आणि अनेक कामगारांसाठी मिळून एकच अर्ज पुरतो.

या शेवटच्या तरतुदीत प्रतिनिधीच्या कामाचे मर्म आहे. एकट्याने गाठभेट घेऊन मिळविलेले आठ दिवस ही पुष्कळदा त्याच्यापुरती मेहेरबानी ठरते. प्रतिनिधीने तीच दुरुस्ती नियम दाखवून करून घेतली, तर त्याच खात्यात त्याच २४ दिवसांत घरी बसलेल्या प्रत्येकाचा हिशेब पुन्हा तपासावा लागतो. ज्याने भीतीपोटी तोंडही उघडले नव्हते, त्याचासुद्धा.