ऱ्होड्सच्या बाजारपेठेतील एक प्रश्न



तत्त्वज्ञान म्हटले की जगापासून दूर बसलेल्या चिंतकाची मूर्ती डोळ्यांसमोर येते. प्राचीन ग्रीसमधील स्टोइक विचाराचा प्रवर्तक झेनो मात्र व्यापारी होता. जांभळ्या रंगाचा मौल्यवान माल घेऊन निघालेले त्याचे जहाज पायरिअस बंदराजवळ फुटले. अथेन्सला आल्यावर एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात सॉक्रेटिसाविषयीचा ग्रंथ त्याच्या कानी पडला आणि त्याच्या जीवनाची दिशाच बदलली, अशी कथा प्राचीन चरित्रांत आहे. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास तो अथेन्समधील एका चित्रमंडित ओवरीत शिकवू लागला. ओवरीला ग्रीक भाषेत 'स्तोआ' म्हणतात. त्यावरून हे नाव रूढ झाले.

या परंपरेतील एक वाद रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या पुत्रासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात दिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. धान्य सोन्याच्या मोलाने विकले जात आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने स्वतः पाहिले आहे. ही वार्ता त्याने गिऱ्हाइकांना सांगावी, की मौन पाळून चढ्या भावाने माल विकावा?

डायोजिनीस या स्टोइक आचार्याचे म्हणणे असे की, कायद्याने सांगितलेले मालातील दोष उघड करावेत, फसवणूक करू नये; त्यापलीकडे भाव मिळेल तसा घ्यावा. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर याने गुरूचे हे मत मानले नाही. मनुष्य समाजाच्या हितासाठी जन्मला आहे. सर्वांचे हित तेच त्याचे हित. मग भुकेल्या माणसांपासून विपुलतेची वार्ता त्याने दडवावी कशी? डायोजिनीसाने प्रतिप्रश्न केला, समाजाचे नाते एवढे व्यापक मानले तर स्वतःचे असे काही उरेल काय? मग विकणेच थांबवून सारे दान करावे लागेल! सिसेरोने कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूने. ज्यांना जाणून घेण्याची गरज आहे, त्यांना आपल्या लाभासाठी अज्ञानात ठेवणे हेच लपविणे होय, असे त्याने ठरविले.

हा प्रश्न केवळ धान्याचा नाही. भाव, नफा, तेजी-मंदी मनुष्याच्या हाती नसते. आपला निर्णय मात्र हाती असतो, ही एपिक्टेटसची शिकवण. एकेकाळी गुलाम असलेल्या या पुरुषाने आत्मोन्नतीचा पाया इथेच घातला. हिएरोक्लीस याने तर मनुष्याभोवती वर्तुळे कल्पिली: प्रथम स्वतः, मग कुटुंब, आप्त, नगरवासी, देशबांधव आणि शेवटी अखिल मानवजात. बाहेरच्या वर्तुळातील माणसांना निर्धाराने आत ओढून घेणे, हे त्याने सज्जनाचे कर्तव्य मानले.

ऱ्होड्सचे गिऱ्हाईक त्या व्यापाऱ्याच्या बाहेरच्या वर्तुळातले होते. न बोलण्याचा मोह तिथेच होतो. भावाला आणि माणसाला आत घेण्यासाठी धर्मशास्त्र लागत नाही, परक्यासाठी तोच न्याय लावताना मात्र मनाची कसोटी लागते. संस्थेचा हिशेब असो वा दुकानातील गादी, जे सांगितल्याने आपला लाभ घटेल ते समोरच्याला सांगावे काय, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर वहीत लिहिले जात नाही. पण त्यावरच समाजाचा विश्वास उभा असतो.