सायन्सचं कर्ज आणि आठवीतली परीक्षा



जून आला की गटात कर्जाच्या अर्जांवर एकच कारण दिसतं: 'मुलीची अकरावी सायन्स'. प्रॅक्टिकलच्या वह्या, जाण्यायेण्याचा खर्च, फिजिक्सची शिकवणी. गट कर्ज देतो, द्यायलाच हवं. पण त्यातला बराच भार उचलणारी एक परीक्षा आठवीतच असते आणि ती हातची निघून जाते.

तिचं नाव एनएमएमएस. केंद्र सरकारची ही योजना 2008 पासून आहे. आपल्याकडे परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000, आणि तेही मुलीच्याच खात्यावर.

"हे आपल्यासाठी नसतं," असं बायका म्हणतात. तर ऐका. जातीची अट नाही, आरक्षणाच्या जागा तेवढ्या वेगळ्या असतात. पिवळं रेशनकार्डही लागत नाही. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50 चालतात.

पेपर दोन, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. एक बुद्धिमत्तेचा: आकड्यांची मालिका, आकृत्यांची जोडी. ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या पोरींना तो अवघड जायचं कारण नाही. दुसऱ्यात विज्ञान, गणित, इतिहास-भूगोल. उत्तीर्ण व्हायला 40 टक्के लागतात, आरक्षित गटांना 32. पण तेवढ्यावर निवड होत नाही. जागा ठरलेल्या, म्हणून स्पर्धा आहेच. दिवाळीच्या सुट्टीत जुने पेपर सोडवून घ्या.

आता खरी मेख. ही शिष्यवृत्ती फक्त सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना मिळते. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला नाही, घरी कितीही गरिबी असो. मला स्वतःला हा नियम खटकतो, पण आज तो असा आहे. म्हणून सातवीनंतर मुलीला टाय-बुटाच्या शाळेत घालायचा विचार असेल, तर आधी या पैशांचा हिशेब मांडा. अकरावीलाही तेच. कॉलेज अनुदानित असलं तरी त्यातली सायन्सची तुकडी विनाअनुदानित असू शकते. प्रवेश घेण्याआधी ऑफिसात स्पष्ट विचारा. दहावीनंतर डिप्लोमाला गेलं तरी ही रक्कम थांबते.

निवड झाली म्हणजे काम संपलं नाही. पोर्टलवर दरवर्षी नव्याने अर्ज भरावा लागतो. नववी आणि अकरावी पहिल्याच झटक्यात पास व्हायला हवी, दहावीत 60 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीला त्यात पाच टक्के सूट.

तेव्हा ज्यांची मुलगी किंवा मुलगा यंदा आठवीत आहे, त्यांनी या आठवड्यात हेडमास्तरांना भेटा. अर्ज शाळेमार्फतच जातो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात आत्ताच टाका, ऐन वेळी तिथे रांग असते. बँकेचं खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि शाळेत एकच आहे ना, ते पाहा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी पैसे अडकतात. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गटातल्या आठवीच्या मुलांची यादी घेऊन या, दाखल्यासाठी सगळ्या मिळूनच तालुक्याला जाऊ.