रोगापेक्षां भय मोठें न होवो



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं ज्या घरांत उत्सवाचा आनंद शिरत नाहीं, त्या घरांची आठवण करणें आम्हांस उचित वाटतें. एच्.आय्.व्ही.ची बाधा झालेल्या आपल्या माणसांविषयीं आम्ही बोलत आहों.

डॉमिनिक डिसोझा हा गोव्यांतील तरुण रक्तदाता होता. रक्तांत हा विषाणु आढळला, एवढ्याच कारणावरून १९८९ सालीं त्यास पकडून क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळांत ६४ दिवस एकटें ठेवण्यांत आलें. पुढें तो बाधितांच्या हक्कांसाठीं उघडपणें झगडला व १९९२ सालीं निवर्तला.

आज स्थिति पालटली आहे. २००४ सालापासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधें विनामूल्य मिळूं लागलीं. तीं नित्य घेतलीं असतां रक्तांतील विषाणु इतके घटतात कीं तपासणींतहि सांपडत नाहींत. ही स्थिति टिकली तर शरीरसंबंधानें जोडीदारास बाधा होत नाहीं. गरोदर मातेनें वेळींच उपचार घेतले तर बहुधा मूल बाधेवांचून जन्मास येतें. नोकरी, शिक्षण व उपचार यांत बाधितांशीं भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई केली आहे.

मग अडतें कोठें? औषध केंद्रांत आहे. परंतु तेथें जाणाऱ्या वाटेवर आपण उभे आहों. कोणी पाहील, गांवांत कुजबुज होईल, मुलीचें लग्न मोडेल, या भयानें मनुष्य तपासणी टाळतो, औषध लपवितो आणि शेवटीं सोडून देतो. वास्तविक एका पंक्तीस जेवल्यानें, हात हातांत घेतल्यानें अथवा एका बांकावर बसून प्रार्थना केल्यानें ही बाधा होत नाहीं.

प्रभूनें कुष्ठरोग्यास स्पर्श केला. रोग कसा जडला, हें त्यास विचारलें नाहीं. आपणहि विचारूं नये. कोणीं विश्वासानें कांहीं सांगितलें तर तें आपल्या पोटांत ठेवावें व त्याच्या सोबतीस दवाखान्यांत जावें. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते व ती गुप्त ठेवली जाते. १०९७ या दूरध्वनि क्रमांकावर माहिती मिळते. बचावाचे उपायहि तरुणांनीं डॉक्टरांस निःसंकोच विचारावे.

आपल्या धर्मग्रामांत कोणाहि बाधितास मागच्या दारानें यावें लागूं नये, एवढेंच आमचें आपणांस कळकळीचें मागणें आहे.