मत्स्यालयाचा सांधा

सकाळीं मत्स्यालयाखालचें जाजम ओलें दिसलें, म्हणजे सांधा सुटलाच असें घरच्या मंडळींनीं धरून चालूं नये. पंपाची सैल नळीही हाच देखावा करते. प्रथम विजेचें बटण बंद करावें, कांच पुसावी, आणि कोरडा कागद लावून ओल कोठून उतरते तें पाहावें.

सांधाच असेल, तर पाणी उतरविणें हा तातडीचा उपाय. १८० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर उंच कांचेवर भरल्या टांकीचा रेटा सुमारे ३२५ किलो वजनाइतका असतो. पाणी निम्में केलें कीं तो चौथाईवर येतो. काढलेल्या पाण्यांतच मासे ठेवावे, गाळणीचा स्पंजही त्यांतच भिजवावा. त्यांतील उपकारक जंतु वाळले, तर आज वांचलेले मासे पुढें अमोनियानें दगावतात.

पुष्कळ गृहस्थ बाहेरून सिलिकोनचें बोट फिरवून निश्चिंत होतात. ही निश्चिंती फसवी. नवें सिलिकोन जुन्याला नीट चिकटत नाहीं. टांकी रिकामी करून आंतील लेप पात्यानें खरवडावा, कांच ॲसिटोननें पुसावी, मग बुरशीनाशक न मिसळलेलें सिलिकोन भरावें. दोन कांचांमधील मूळ थरांतच पोकळी दिसली, तर मात्र कांच सोडवून पुन्हां बसवावी लागते, आणि तें काम कारागिराचें.

शिरक्यासारखा वास गेल्यावरही कांहीं दिवस थांबावें. नंतर टांकी सपाट जमिनीवर भरून दोनतीन दिवस पाहावी. मासे तोंवर दुसऱ्या भांड्यांत, हवेचा पंप चालू ठेवून.