सेंट किल्डा : वाऱ्याच्या बेटावर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटं आहेत. त्यांच्याही पलीकडे, साधारण 65 किलोमीटर आत अटलांटिकमध्ये सेंट किल्डा हा द्वीपसमूह आहे. एका जुन्या ज्वालामुखीचे हे उरलेले अवशेष. हिर्टा हे त्यातलं मुख्य बेट. तिथला कोनाकर हा डोंगर 430 मीटर उंच, आणि त्याचा कडा थेट समुद्रात उतरतो. झाड मात्र औषधालाही नाही.

इथली माणसं शेकडो वर्षं जगली ती मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर. पुरुष दोराला लटकून कड्यांवरची गॅनेट, फुल्मार, पफिन पकडत, अंडी गोळा करत. ऊन बेभरवशाचं, म्हणून मांस सुकवायचं वाऱ्यावर. त्यासाठी फटींतून वारा खेळेल अशा दगडी कोठ्या रचल्या. त्यांना ‘क्लीट’ म्हणतात. हजाराहून जास्त आजही उभ्या आहेत.

1727 साली तीन पुरुष आणि आठ मुलं पक्षी पकडायला एका सुळक्यावर गेली. इकडे गावात देवीची साथ आली. त्यांना आणायला होडी वल्हवणारं कुणी उरलं नाही. तब्बल नऊ महिने त्या खडकावर काढून अकराही जण जिवंत परतले!

पुढे तरुण बाहेर जात राहिले, वस्ती विरळ झाली. अखेर रहिवाशांनीच सरकारकडे विनंती केली, आणि 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 जणांनी बेट सोडलं. निघताना घराघरांत त्यांनी उघडं बायबल आणि ओटची छोटीशी रास ठेवली होती.